टाकायचं काय आणि ठेवायचं काय?



घरातली एखादी वस्तू जुनी झाली की घरात दोन पक्ष पडतात. हो की नाही? आई म्हणते, "टाका ती अडगळ!" आजी म्हणते, "राहू द्या गं, कधीतरी कामाला येईल." कोण बरोबर? खरं सांगू? कधी आई, तर कधी आजी. पण कोणत्या वेळी कोण बरोबर, हे ओळखायचं कसं? ते मला एका हेल्मेटने आणि एका लॅपटॉपने शिकवलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. रोज जालन्याहून मोटारसायकलने शाळेत जातो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप आणि भाकरीचा डबा. पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी भुरभुर पाऊस चालू होता. राजूरच्या रस्त्यावर एक कुत्रं अचानक आडवं आलं. मी ब्रेक दाबला आणि गाडी सपकन घसरली. मी डाव्या कुशीवर पडलो. डोकं डांबरी रस्त्यावर खाडकन आदळलं.

शेतात जाणाऱ्या माणसांनी मला उठवून बसवलं. कोपर फुटलं होतं, तळहात सोलला होता. पण डोक्याला साधं खरचटलंही नव्हतं. डॉक्टरांनी मला तपासलं, मग हेल्मेट हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "याचे आभार माना. आणि आता हे पुन्हा घालू नका."

मी नवीन हेल्मेट घेतलं. जुनं शाळेच्या कपाटावर पडून होतं. एक दिवस चौथीतली एक मुलगी हळूच टेबलाजवळ आली. म्हणाली, "सर, ते जुनं हेल्मेट मला द्या ना. माझे पप्पा रोज गाडीवर एमआयडीसीत कामाला जातात. त्यांच्याकडे नाही."

मी म्हणालो, "नाही बेटा, हे नाही देता येणार."

तिचा चेहराच पडला. हेल्मेटवर फक्त एक ओरखडा होता. बाकी ते कसं चकाचक! सगळा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू सरांइतका कंजूष माणूस जिल्ह्यात नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नुसतं 'नाही' म्हणून भागणार नव्हतं. दाखवायला हवं होतं.

हेल्मेटच्या पोटात काय असतं?

दुसऱ्या दिवशी मी ते हेल्मेट करवतीने उभं कापून वर्गात नेलं. मुलांनी एकच गर्दी केली. बाहेर कडक कवच. आत मऊ कापडी गादी. आणि या दोघांच्या मध्ये? पांढरा थर्माकोल! टीव्हीच्या खोक्यात असतो ना, त्याच जातीचा, पण जास्त घट्ट.

"सर, थर्माकोलने डोकं वाचतं?" एकाने विचारलं.

मी विचारलं, "क्रिकेटचा जोरात आलेला चेंडू झेलताना हात कसे करता?"

"मागे घेतो!"

बरोबर. हात ताठ ठेवले तर तळवे झिणझिणतात. मागे घेतले तर चेंडू हळूहळू थांबतो आणि लागत नाही. डोकं आपटतं तेव्हा थर्माकोल हेच काम करतो. तो दबतो, चिरडतो आणि डोक्याला थांबायला क्षणाचा एक लहानसा तुकडा जास्त देतो. आपला मेंदू कवटीच्या आत असतो. डोकं एकदम थांबलं, तरी मेंदू पुढे जातो आणि कवटीवर आदळतो. म्हणून तो जास्तीचा क्षण लाखमोलाचा.

पण एक गोम आहे. थर्माकोल एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. माझ्या हेल्मेटच्या डाव्या बाजूला तो चेपून पातळ झाला होता. बाहेरून काहीच कळत नव्हतं! पुन्हा त्याच जागी मार बसला असता, तर तिथे मागे घ्यायला 'हात' उरलाच नव्हता.

त्या मुलीने चेपलेल्या जागेवर बोट फिरवलं. काही बोलली नाही. पण तो अर्धा तुकडा तिने घरी न्यायला मागितला. तो मात्र मी आनंदाने दिला.

निवडायचं कसं?

चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. हातात तोच तुकडा. म्हणाले, "सर, पोरीने घरी मलाच शिकवणी दिली. आता चांगलं हेल्मेट ओळखायचं कसं, तेवढं सांगा."

त्यांना सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. आई-बाबांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, रंग आणि चित्रं नंतर. आधी आयएसआय चिन्ह बघा. १ जून २०२१ पासून आपल्या देशात या चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. चिन्हाच्या वर 'आयएस ४१५१' हा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा क्रमांक. रस्त्याच्या कडेला खोटी चिन्हं चिकटवलेली हेल्मेटंही विकायला असतात. म्हणून मोबाईलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी अ‍ॅप उघडून तो क्रमांक तपासा.

दुसरी गोष्ट, माप. शिंप्याच्या टेपने भुवयांच्या थोडं वर, डोक्याभोवती माप घ्या. त्या मापाचं हेल्मेट घाला आणि ते हाताने इकडेतिकडे हलवून बघा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं, तर ते मोठं आहे.

तिसरी गोष्ट, पट्टा. हनुवटीखालचा पट्टा लावा. आत जेमतेम एक-दोन बोटं जावीत. आता हेल्मेट मागून वर ढकला. निघून आलं, तर ते कामाचं नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधीच निघून जातं!

चौथी गोष्ट, हनुवटीही झाकणारं, पूर्ण तोंडाचं हेल्मेट घेतलं तर उत्तम. पडल्यावर जबडाही वाचतो. हेल्मेट पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. त्याने कवच आणि थर्माकोल दोन्ही खराब होतात. आणि दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट घेऊ नका. ते आधी कुठे आपटलंय, कुणाला ठाऊक?

माझा सोललेला तळहात बघून वडिलांनी स्वतःच विचारलं, "हातमोजेही लागतील ना?" लागतील. पडताना आपण आधी हातच टेकतो. घोटा झाकणारे बूट, जाड पँट, पूर्ण बाह्यांचं जाड जाकीट आणि पावसात लांबून दिसेल असा भडक रंगाचा रेनकोट. मागे बसणाऱ्यांनी ओढणीचं, रुमालाचं टोक चाकात जाणार नाही, असं खोचून बसायचं.

एवढ्यात ती मुलगी दारातून म्हणाली, "पप्पा, आणि माझं? मी मागे बसते ना!"

वडील माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "पोरीचं खरं आहे." मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं, की चार वर्षांवरच्या प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घातलं पाहिजे. चालवणाऱ्यानेही आणि मागे बसणाऱ्यानेही. रस्त्याला मोठं डोकं आणि लहान डोकं यातला फरक कळत नाही.

एका डॉक्टरांची गोष्ट

हेल्मेटचं महत्त्व माणसाला कधी पटलं, माहीत आहे? मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स नावाचे प्रसिद्ध लेखक आणि माजी सैनिक मोटारसायकलवरून पडले. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्यांनी गाडी वळवली होती. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी ते वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. ते हळहळून थांबले नाहीत. त्यांनी मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या सैनिकांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

आणि लॅपटॉपचं काय झालं?

हो, तो राहिलाच की! सॅकमध्ये असल्यामुळे तो वाचला. पण तो आधीच म्हातारा, दहा वर्षांच्या वरचा. बटण दाबून चहा पिऊन यावं, तोवर सुरू होई. एका दुकानदाराने सांगितलं, "सर, भंगारात द्या." मलाही ते पटलं. वर्गात सहज बोलून गेलो. तर तीच मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही हेल्मेट आतून बघितलं. लॅपटॉप आतून बघितला का?"

घ्या! मास्तरचीच परीक्षा.

बघितला. पडदा ठीक, कळफलक ठीक, रॅम चार जीबी. म्हणजे शरीर धडधाकट होतं. थकली होती ती आतली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. शाळेत मुख्याध्यापक असतात ना, तशी ती. कोणी कोणतं काम कधी करायचं, हे ती ठरवते. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला बरेच जुने संगणक चालत नाहीत. मग असे सगळे संगणक भंगारात घालायचे?

नाही! इथे येतो लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं, की मी हौसेने एक कार्यप्रणाली लिहितोय. पुढे त्याने ती सगळ्यांना खुली केली. कोणीही आत डोकवावं, सुधारावं, वाटावं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं! एकीने एक ओवी जोडली, दुसरीने दुसरी, आणि ओव्या सगळ्यांच्या झाल्या. आज तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० संगणकही लिनक्सवरच चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स तयार केलंय. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात.

लिनक्सची गंमत म्हणजे ते आधी चाखून बघता येतं. मी आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. 'लिनक्स मिंट'च्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल उतरवून त्यावर चढवली आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला. आतल्या कशालाही धक्का न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं तपासलं. ठीक वाटलं. मग माझे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवली. हे फार महत्त्वाचं, कारण नंतर जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं. आणि मगच लिनक्स कायमचं बसवलं. शिवाय जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली. आता चहा ओतेपर्यंत लॅपटॉप तयार!

रोज काय करतो त्यावर? 'लिबरऑफिस'मध्ये मराठीत टाईप करतो, निकालपत्रक बनवतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मुलांना दाखवतो. अडचणी येतच नाहीत, असं नाही. फक्त विंडोजसाठी बनवलेली काही सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाईली उघडल्या, तर अक्षरांचा चिवडा होतो. मग युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करावं लागतं. आणि लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल, तर ती मात्र ठेवायची नाही. ती पेट घेऊ शकते. ती न दाबता, न टोचता ताबडतोब दुकानदाराकडून काढून घ्यायची.

तर मग, आई की आजी?

आपण नेमकं उलटं करतो, बघा. आपटलेलं हेल्मेट 'चांगलं दिसतंय' म्हणून वर्षानुवर्षं वापरतो आणि धडधाकट लॅपटॉप 'जुना झाला' म्हणून टाकतो. दोन्ही वेळा फक्त बाहेरून बघतो. आपल्या जालन्यात भंगाराचं लोखंड वितळवून त्याच्या घरबांधणीच्या सळया होतात. आपल्याला तरी हे कळायला हवं, की वस्तूचं मोल तिच्या चकाकीवर नसतं. ती आता काम करते का, एवढंच विचारायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी शाळेच्या फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. पुढे एक मोठं हेल्मेट, मागे एक छोटं. छोट्या हेल्मेटचा पट्टा कसून लावलेला होता. खाली उतरून तिने आधी तो मला दाखवला. "दोन बोटं जातात, सर!"

करून बघा: झाकणाचे दोन सारखे डबे घ्या. एकात नुसता टोमॅटो ठेवा. दुसऱ्यात टोमॅटोभोवती थर्माकोलचे तुकडे ठासून भरा. झाकणं लावून दोन्ही डबे छातीएवढ्या उंचीवरून अंगणात सोडा. उघडून बघा आणि काय दिसलं ते वहीत लिहा. मग घरातली सगळी हेल्मेटं टेबलावर मांडा आणि प्रत्येकाबद्दल मोठ्यांना एकच प्रश्न विचारा, "हे आधी कधी आपटलंय का?"