हजेरीपत्रक मोठ्यानं वाचताना

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर समाजमंदिरात सतरंजी पसरली होती. मधोमध रोजगार हमीच्या मस्टरच्या झेरॉक्स, शेजारी मोजमाप पुस्तिका. बायांनी जॉबकार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातल्या कलम 17 नं सामाजिक अंकेक्षणाचा हक्क ग्रामसभेला दिला. तो बजावायचा तर आधी हे कागद एकमेकांशी जुळवावे लागतात.

पण कागदांआधी आम्ही डोंगरावर गेलो. पुस्तिकेत समतल चरांची नोंद होती : 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल. म्हणजे शंभर मीटर लांबीमागे 18 घनमीटर खोदाई, आणि मजुरी त्या खोदाईवर ठरते. दोन पावसाळ्यांत चर गाळानं भरले होते. वरून टेप लावला असता तर प्रत्येक चर खोटा ठरला असता. चर खणलेल्या एका बाईनं कुदळीनं गाळ उकरला. मऊ माती सरली, पात्याचा आवाज बदलला. ‘हा मूळ तळ,’ ती म्हणाली. तिथून मोजलं तेव्हा खोली बरोबर भरली. मोजायला आलेल्यानं खणणाऱ्याला सोबत न्यावंच, असं मला तेव्हापासून वाटतं. नाहीतर प्रामाणिक कामावरही खोटेपणाचा शिक्का बसतो.

दुपारी वाचन सुरू झालं. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा 1977 चा, देशात पहिला. पण मस्टर गावासमोर मोठ्यानं वाचायला शिकवलं राजस्थानच्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं, 1994 च्या कोटकिराणाच्या जनसुनवाईपासून. नाव, दिवस, रक्कम असं एकेक वाचत गेलो. सुरुवातीला नुसत्या माना हलत होत्या. मग एका नावापुढे सहा दिवसांची हजेरी वाचली आणि मागून एका बाईचा आवाज आला, ‘तेव्हा आम्ही भिवंडीला वीटभट्टीवर होतो.’

खोली गप्प झाली. तिचं पासबुक उघडलं, तर त्या सहा दिवसांचे पैसे जमा झालेले आणि लगेच काढलेलेही. कुणी काढले, हे तिला माहीत होतं. तो माणूस दारातच उभा होता. तिनं नाव घेतलं नाही. आम्हीही भरीला घातलं नाही. आम्ही संध्याकाळी परतणार होतो, तिला तिथंच राहायचं होतं.

जरा वेळानं तीच बोलली. ‘भट्टीवर जाण्याआधी मी इथं काम मागितलं होतं. नमुना 4 भरला, पण पावती नाही दिली. काम मिळालं असतं तर पोरांना घेऊन गेलेच नसते.’

मी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला. तिच्यामागे आणखी चौघी उठून उभ्या राहिल्या.