शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारे तंत्रज्ञान

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. आधी विद्यार्थ्याची अडचण पाहायची, हा तो विचार. मोबाइलवरून शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडूनही आमची हीच अपेक्षा आहे.

तासाभराच्या व्हिडिओत गरीब विद्यार्थ्याचा दिवसाचा डेटा संपू शकतो. त्याऐवजी दहा मिनिटांचा ऑडिओ आणि दोन पानी पीडीएफ पाठवा. नोट्स युनिकोड मराठीत टाइप करा; जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल मोबाइलवर नुसती चिन्हे दाखवते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिष्यवृत्तीची यादी जात-प्रवर्गासह वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एकदा फॉरवर्ड झालेली यादी परत घेता येत नाही आणि टोमणे विद्यार्थ्याला ऐकावे लागतात. अर्जाची शेवटची तारीख सर्वांना कळवा. अर्जातली त्रुटी मात्र ज्याची त्यालाच कळवा.

युवा कार्यकर्त्यांनो, हे आपापल्या महाविद्यालयात प्राध्यापकांना आदराने सांगा. ज्यांना युनिकोड जमत नाही, त्यांच्या शेजारी बसून शिकवा. पण जातीची यादी ग्रुपवर दिसली, तर ती काढून टाकायला लावा आणि प्राचार्यांना लेखी कळवा.

जय भीम!