चप्पल निसटली, तेव्हा कळलं

एकलहऱ्यातल्या आमच्या वस्तीतले एक दादा कारखान्यात गोण्या वाहायचं कंत्राटी काम करतात. कमरेतून पायात कळ उतरायची. चार महिने त्यांनी मलम, पट्टा आणि मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढले. एके दिवशी घरी आले तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. रस्त्यात कधी निसटली, त्यांना कळलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, टाचांवर चालून दाखवा." डावं पाऊल वर उचलेना.

कंबर दुखते म्हणून लगेच ऑपरेशन लागत नाही. मणक्यांमधली चकती सरकून नस दबली, तरी बहुतेकांना औषध, व्यायाम आणि ओझं टाळल्याने ६ ते १२ आठवड्यांत आराम पडतो. नुसत्या एमआरआयवरही निर्णय होत नाही. काहीच दुखत नसलेल्या माणसांतही सरकलेली चकती दिसते. पण पायातली ताकद कमी होत असेल तर थांबू नका. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उशिराने झालेलं नुकसान कायमचं राहू शकतं.

दादा म्हणाले, "ताई, मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस लुळा पडतो." मी त्यांना समजावलं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यांची चकती त्याखाली, चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये होती. तिथे नसा असतात. धोका नाही असं नाही. जंतुसंसर्ग, नसेला इजा, चकती पुन्हा सरकणं होऊ शकतं. म्हणून सर्जनला विचारा: ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? केल्यावर काय सुधारेल, काय नाही? जमलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दादा चालले. पायाची कळ लवकर गेली, बधिरपणा मात्र महिनोन् महिने रेंगाळला. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधाराने बसायचं. रोज थोडं थोडं चालणं वाढवायचं. सुरुवातीचे आठवडे वाकणं, पाण्याची कळशी उचलणं, खाली मांडी घालून बसणं बंद. विहारात खुर्ची मागायला दादा लाजायचे. मग आम्हीच आधी मांडून ठेवू लागलो.

खरी चिंता चुलीची होती. दादांचं ईएसआय कार्ड पेटीत पडून होतं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना ज्या कामगार विम्याची आखणी झाली, तोच हा विमा. अटी पूर्ण असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. कार्ड नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दादांच्या पावलात पुष्कळ ताकद परत आली, सगळी नाही. आता ते पट्ट्याची सँडल घालतात. तुमच्या घरात कुणाची कंबर दुखत असेल, तर आज त्यांना टाचांवर चार पावलं चालायला सांगा.