तुमच्याकडे किती होतं?

डिसेंबर उजाडला की पुण्यात एक मॅच सुरू होते. एक टीम एनडीए-पाषाणची, दुसरी शिवाजीनगरची आणि तिसरी बिचारी मगरपट्टा-वडगाव शेरीची, जी दरवर्षी हरते. "आज आमच्याकडे नऊ!" "हॅ, आमच्याकडे साडेसात, गाडीची सीट अख्खी ओली होती." मगरपट्टावाला गप्प, कारण त्याच पहाटे त्याच्याकडे पारा चार-पाच अंशांनी वर असतो. मग हॉस्टेलवरचा एखादा निफाडचा मुलगा मध्ये पडतो आणि सगळ्यांची तोंडं बंद करतो.

ही मॅच वर्षभर चालते. एप्रिल-मेमध्ये नागपूर, चंद्रपूर, अकोल्याची मुलं मैदानात उतरतात, जुलैत महाबळेश्वर, आंबोली, ताम्हिणीवाले. हवामानवेड्यांची ही जमात आता प्रत्येक कॉलेजात सापडते. रडारची चित्रं बघत रात्री जागणारे, रोजचा पाऊस वहीत लिहिणारे, 'तो' पाऊस कोणत्या तारखेला पडला हे परीक्षेच्या तारखेपेक्षा पक्कं लक्षात ठेवणारे. वेड गोड आहे. फक्त या मॅचला अंपायर नाही, ही अडचण.

म्हणजे कसं? फोनवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा तुमच्या गल्लीतल्या थर्मामीटरचा नसतोच, तो कॉम्प्युटर मॉडेलने आसपासच्या भागासाठी काढलेला अंदाज असतो. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा तापलेल्या रस्त्याचा. वेधशाळेचा आकडा मात्र एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतून येतो. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. पेटी जमिनीपासून साधारण चार फुटांवर, मोकळ्या जागेत. तिचं दार आपल्याकडे उत्तरेला असतं, म्हणजे ते उघडलं तरी ऊन थेट आत येत नाही. आत वारा खेळतो. थोडक्यात, हे तापमान सावलीतल्या हवेचं असतं. उन्हाचं नाही, सिमेंटच्या गच्चीचं नाही.

एवढं कळलं की निम्मी भांडणं मिटतात. उदाहरणार्थ, महाबळेश्वर. दर हिवाळ्यात बातमी येते की वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठले. लगेच कोणीतरी विचारतं, वेधशाळेचा आकडा तर शून्याच्या बराच वर आहे, मग बर्फ कुठून आला? दोन्ही खरं असतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडते आणि गवताच्या पात्याला, जीपच्या टपाला चिकटलेली हवा चार फुटांवरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होते. निफाडच्या द्राक्षवाल्यांना हे पुस्तकात वाचावं लागत नाही. पारा घसरला की ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीने मणी तडकले तर वर्षाची कमाई गेली. आपल्यासाठी जो 'लो' स्क्रीनशॉट काढण्याचा, तो त्यांच्यासाठी झोप उडवणारा.

उलट बाजूही आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसं दगावली. त्या दिवशी कागदावरचं तापमान चाळिशीच्या आत होतं. पण ते सावलीतलं. भर दुपारी, दमट हवेत, डोक्यावर छप्पर नसताना तासन् तास बसलेल्या माणसाचं अंग वेगळाच हिशोब करतं. त्यामुळे "फक्त अडतीस? आमच्या अकोल्यात या मग!" हा डायलॉग मला आता हसण्यावारी नेता येत नाही. अडतीसही मारतं.

आणि काही आकडे चक्क खोटे असतात. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९. स्क्रीनशॉट देशभर फिरले. भारताचा मान्य उच्चांक आहे ५१, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. नागपूरचा ५६ खरा असता तर तो कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या ५६.७ या जागतिक विक्रमाच्या शेजारी जाऊन बसला असता! हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा नागपूरचा सेन्सर बिघडलेला निघाला आणि मुंगेशपूरचा तीन अंश जास्त दाखवत होता. पण खुलासा स्क्रीनशॉटइतका फिरत नाही. माझ्या मते यात खरं नुकसान असं, की छप्पन्न ऐकलेल्या माणसाला पुढच्या वर्षी पंचेचाळीस किरकोळ वाटतात.

जागतिक विक्रमाचीही हीच गोष्ट. लिबियातल्या अल अझिझियाचे ५८ अंश, १९२२ सालचे, कित्येक दशकं जगातला उच्चांक म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात होते. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने जुन्या नोंदवह्या तपासून तो रद्द केला. नवख्या निरीक्षकाने थर्मामीटर चुकीचा वाचला असावा, हे त्यातलं एक मुख्य कारण. नव्वद वर्षांनी चूक पकडता आली, कारण वही जपून ठेवलेली होती.

आपल्याकडेही वह्या आहेत. पुण्यात सिमला ऑफिसपाशी रोज उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव? शिवाजीनगरच्या नोंदीत पुण्याचा नीचांक आहे १.७ अंश, जानेवारी १९३५ मधला. एप्रिलचा उच्चांक ४३.३, सन १८९७ चा. २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३ वर पोचला आणि सव्वाशे वर्षांचा विक्रम थोडक्यात वाचला. मुंबईत सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ ला ४२.२, आणि जानेवारी १९६२ मध्ये चक्क ७.४! आजच्या मुंबईकराला सोळा अंशांतच स्वेटर लागतो.

पण सगळ्यात मोठा धडा पावसाचा. २६ जुलै २००५. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा पाळण्यात होते किंवा जन्मलेच नव्हते. पण घरात हा दिवस सगळ्यांना माहीत असतो. कोणाचे बाबा रात्रभर रुळांवरून चालत आले, कोणाची आई ऑफिसातच अडकली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे पडतो, यावरून अंदाज घ्या. आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला? ७३-७४ मिलिमीटर. लोकलने तासाभराचं अंतर, शहर एकच. कुलाब्याच्या माणसाने त्या संध्याकाळी "एवढं काय झालंय?" म्हटलं असतं, तर ते त्याच्यापुरतं खरंच होतं. तिकडे कुर्ला-कालिन्यात घरं पाण्याखाली होती. त्या पुरात राज्यभरात हजाराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर महापालिकेने शहरभर, अग्निशमन केंद्रांसारख्या ठिकाणी, स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. मुंबईचा पाऊस दोन आकड्यांत मावत नाही, हे तोवर फार महागात पडून कळलं होतं.

वादळांच्या आठवणीही अशाच जागेला चिकटलेल्या असतात. मुंबईच्या मुलांना विचारलं तर १७ मे २०२१ चं तौक्ते. वादळ मुंबईत आलंच नाही, समुद्रातून गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला वारा ताशी ११४ किलोमीटरला पोचला आणि भर समुद्रात पी-३०५ तराफा बुडाला. श्रीवर्धन-मुरूडकडच्या मुलांसाठी मात्र वादळ म्हणजे निसर्ग, ३ जून २०२०. तिथे कोणी वाऱ्याचा वेग सांगत नाही. किती पोफळी पडल्या, किती माड, घरावर कौलं किती उरली आणि वीज किती दिवसांनी आली, हे सांगतात. आजोबांनी लावलेली वाडी एका दुपारी आडवी झाली की पुन्हा लावून फळ धरेपर्यंत वर्षं जातात. हीसुद्धा नोंदच आहे, फक्त ती कुठल्या वहीत नाही.

तेव्हा वही घाला. पावसाळ्यात सुरुवात सोपी. उभ्या, सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी घ्या आणि ती झाडं-भिंतींपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. पट्टीने पाण्याची उंची मोजा. जितके मिलिमीटर उंची, तितके मिलिमीटर पाऊस. वेळ रोज सकाळी साडेआठची, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. मोजलं की बरणी रिकामी करा आणि पाऊस नसला तरी शून्य लिहा. तापमानासाठी थर्मामीटर सावलीत, वारा खेळेल असा, चार फुटांवर. गच्चीच्या फरशीवर नको, एसीच्या मागे तर नकोच. आकडा ग्रुपवर टाकताना ठिकाण, वेळ आणि कशाने मोजलं तेही लिहा. मग मगरपट्टावालाही हरला तरी भांडणार नाही.