सहकुटुंब मऊ बर्फाच्या देशी

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाला स्कीइंग म्हणतात. त्यासाठी दूरदूरची कुटुंबे जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावर, निसेको येथे जातात. तिथेच का? कारण आपल्या कोकणातल्या पावसासारखेच आहे, बरं का! सैबेरियाचे गार, कोरडे वारे जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प घेतात आणि डोंगराला अडले की ते बर्फ होऊन पडते. थंडी कडक, म्हणून हा बर्फ पिठासारखा भुसभुशीत राहतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो भरपूर असतो.

आता तुम्ही म्हणाल, मऊ बर्फात पडले तर लागणार काय? इथेच फसगत होते. झाडाच्या बुंध्याभोवती, फांद्यांच्या आडोशाने पोकळ खड्डा राहतो. वरून तो दिसत नाही. त्यात डोक्यावर पडलेल्या माणसाला बहुधा आपले आपण निघता येत नाही, श्वास कोंडतो. उतारावर साचलेला थर निसटला, तर बर्फाचा लोंढाच अंगावर येतो. म्हणून निसेकोला राखलेल्या मैदानाबाहेर जाण्यासाठी फाटके ठेवली आहेत. धोका असेल तेव्हा ती बंद असतात.

तेव्हा बेत आखावा तो घरातल्या सर्वांत कच्च्या गड्याकडे पाहून. पहिले काही दिवस मुलांना शिक्षकाच्या हाती, दाबून सारख्या केलेल्या उतारावर सोडावे. झाडीत एकट्याने जाऊ नये. जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा. वादळासाठी एक-दोन दिवस हाताशी राखावेत. आणि फाटक बंद दिसले, की वडीलधाऱ्यांनी निमूट मागे फिरावे. मुले पाहून शिकतात.