मागचे स्पीकर नेमके कुठे? पुण्यातला हॉल, भिंतीला चिकटलेला सोफा आणि ५.१

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोलताना होणारं 'अं... म्हणजे...' काढून टाकलंय, बाकी बहुतेक जसंच्या तसं.

विषय आला एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून. वाकडला नवीन टू बीएचके, ताबा मिळालाय, पीओपीचं काम चालू आहे आणि शनिवारी सीलिंग बंद होणार. इलेक्ट्रिशियन विचारतोय, "साहेब, मागच्या स्पीकरची वायर कुठे काढू?" दुकानदार म्हणतोय, सात चॅनलचा रिसीव्हर घ्या, मागे चार स्पीकर लागतील. घरचे म्हणतायत, सोफा भिंतीला लागूनच राहणार, विषय संपला. आणि याच्याकडे चार दिवस आहेत. एकदा सीलिंग बंद झालं, रंग लागला, की मग पुढची दहा वर्षं वायर एकतर भिंतीवरून लोंबणार किंवा स्पीकर खोक्यात पडून राहणार. म्हणून हा एपिसोड जरा घाईत केलाय.

आधी एक गोंधळ मिटवू. आपण मराठीत सरसकट 'मागचे स्पीकर' म्हणतो, पण रिसीव्हरच्या पाठीमागे दोन वेगळ्या जोड्या असतात. एकीवर लिहिलेलं असतं 'सराउंड', दुसरीवर 'सराउंड बॅक'. ५.१ मध्ये फक्त पहिली जोडी असते आणि ती खरं तर मागची नाहीच, बाजूची आहे. दुसरी जोडी ७.१ मध्ये येते आणि ती खरोखर पाठीमागे असते. सात चॅनलचा रिसीव्हर आणून पाच स्पीकर लावणारे अनेक जण, 'मागचे आहेत ना' म्हणून वायर 'सराउंड बॅक'ला खुपसतात. पाचच स्पीकर असतील तर जोडणी 'सराउंड'लाच करायची. मागचे स्पीकर गप्प असल्याची जी तक्रार येते, त्यात हे एक नेहमीचं कारण.

या दोन जोड्या का झाल्या, तर सिनेमागृहांमुळे. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं: समोर तीन, डावी-उजवी सराउंड आणि खालच्या आवाजासाठी सबवूफरचा वेगळा चॅनल, तो '.१'. १९९९ मध्ये स्टार वॉर्सच्या 'द फँटम मेनेस'साठी त्यात पाठीमागचा आवाज वेगळा काढला. २०१० मध्ये 'टॉय स्टोरी ३'बरोबर डॉल्बीचं पूर्ण ७.१ आलं. पण थिएटरात तुमच्या मागे दहा-पंधरा रांगा असतात. वाकडच्या हॉलमध्ये मागे काय असतं? भिंत. सगळा मुद्दा इथेच आहे.

आता भूमिती बघा, सोपी आहे. तुम्ही सोफ्यावर बसलात, नाक टीव्हीकडे, ती दिशा शून्य अंश. उजवा कान ९० अंश. ५.१ च्या सराउंड स्पीकरची जागा साधारण १०० ते १२० अंशांत, म्हणजे कानाच्या रेषेपेक्षा थोडी मागे. ७.१ च्या मागच्या जोडीची जागा १३५ ते १५० अंशांत.

पुण्यातल्या ठरावीक टू बीएचकेचा हॉल डोळ्यासमोर आणा. लांबट खोली, एका टोकाला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या टोकाला डायनिंग आणि किचनकडे जाणारी वाट. टीव्ही एका लांब भिंतीवर, सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकलेला, मधे जेमतेम दहा फूट. सोफ्यावर बसल्यावर तुमचे कान मागच्या भिंतीपासून साधारण दीड फूट पुढे असतात. आता त्याच भिंतीवर, तुमच्या डोक्यापासून चार फूट बाजूला स्पीकर लावला, तर तो किती अंशांवर येतो? चार फूट बाजूला, दीड फूट मागे, म्हणजे कानाच्या रेषेपासून २० अंश मागे. ९० अधिक २०, ११०. ब्रॅकेट आणि स्पीकरची जाडी धरून तो थोडा पुढे येईल, १०४-१०५ होईल. तरी मापात. म्हणजे भिंतीला चिकटलेल्या सोफ्याची सगळे जी कुरकुर करतात, तो ५.१ साठी फारसा अडथळा नाहीच.

आता तोच हिशोब ७.१ साठी करा. किमान १३५ अंश हवेत, म्हणजे स्पीकर जितका बाजूला तितकाच मागे. मागे आहे दीड फूट, म्हणजे बाजूलाही दीडच फूट. दोन स्पीकर तुमच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ कानाला लागून. सिनेमाभर ते दोनच ऐकू येतील. माझं मत स्पष्ट आहे: सोफा भिंतीला असेल तर ७.१ च्या मागच्या जोडीवर पैसे घालू नका. सोफ्यामागे चार-पाच फूट मोकळी जागा असेल, तरच तो विचार.

मग सात चॅनलचा रिसीव्हर वाया? नाही. उरलेले दोन चॅनल छताला द्या, त्याला ५.१.२ म्हणतात, अ‍ॅटमॉससाठी. वाकडच्या मित्राला मी हेच सांगितलं: सीलिंग बंद व्हायच्या आधी बसायच्या जागेच्या वर, डोक्यापेक्षा किंचित पुढे, डावीकडे आणि उजवीकडे एकेक वायर ओढून ठेव. स्पीकर आज नको घेऊस, दोन वर्षांनी घे. रिसीव्हरच्या मेनूत 'अँप असाइन' नावाची जागा असते, तिथे ते दोन चॅनल कशासाठी वापरायचे ते ठरवता येतं: सराउंड बॅक, छत, दुसऱ्या खोलीचे स्पीकर वगैरे. ती जागा बघितल्याशिवाय वायरला दोष देऊ नका.

अंश मोजायला वेगळं साधन लागत नाही, फोन आहेच. कंपास अ‍ॅप उघडा, नेहमीच्या जागेवर बसा, फोन टीव्हीच्या मध्याकडे धरा, आकडा बघा. मग उजवीकडे वळत ११० अंश वाढेपर्यंत जा आणि फोन ज्या भिंतीकडे बघतोय तिथे पेन्सिलने खूण करा. डावीकडे तेच. फक्त स्पीकर किंवा लोखंडी फर्निचर जवळ असेल तर लोहचुंबकामुळे कंपास वेडावतो, तेव्हा हे काम खोली रिकामी असतानाच उरका. उंची: बसल्यावर कान जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येतात. सराउंड स्पीकर त्याहून फूट-दोन फूट वर चालतो, उलट बरं पडतं, कारण शेजारी बसलेल्याचं डोकं मधे येत नाही. मॅचला आठ जण आले आणि निम्मे सतरंजीवर बसले तरी चालून जातं.

आता वायर, कारण इलेक्ट्रिशियन थांबलाय. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, ज्याला साइटवर सगळे 'माइव्हान' म्हणतात. त्या भिंती इमारतीचा भार घेतात. त्यात ग्राइंडर घालून पाइपसाठी खाच पाडायची नाही, कोणी कितीही 'होऊन जाईल' म्हणालं तरी. स्क्रूपुरती भोकं ठीक. वायर न्यायची पीओपीच्या वरून आणि खाली उतरवायची पट्टीतून, किंवा पडद्याच्या मागून. विजेच्या वायरच्या पाइपमध्ये स्पीकरची वायर घालू नका, वेगळा पाइप द्या, आणि दोन्ही एकमेकांना ओलांडणार असतील तर आडव्या-उभ्या ओलांडू द्या. सीलिंग बंद होण्याआधी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि सगळ्याचा फोटो काढा. भाड्याच्या घरात असाल तर भोकंही नकोत, डिपॉझिट आहे. स्टँड घ्या, वायर स्कर्टिंगच्या कडेने न्या.

किती जाड? दुकानात 'ऑक्सिजन फ्री', 'गोल्ड' असं बरंच ऐकवतात. आपण गणित करू. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला ०.०१७ ओहम. रिसीव्हरपासून मागच्या स्पीकरपर्यंत, वरून फिरवून, १५ मीटर धरा. जायची आणि यायची मिळून ३० मीटर. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर रोध साधारण ०.३४ ओहम. स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांत तो बसला की बास, हा साधा ठोकताळा. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४, म्हणजे दीड पुरते. ६ ओहमचा असेल तर मर्यादा ०.३, मग अडीच घ्या. स्पीकरच्या खोक्यात येते ती केसासारखी बारीक वायर, समजा अर्धा चौरस मिलिमीटर, एवढ्या अंतराला १ ओहम खाते. ती नको. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, साधी, मऊ, पूर्ण तांब्याची बहुतारी वायर मीटरवर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, तिचा रोध जास्त. टोक खरवडून आत चांदीसारखा रंग दिसला तर एकदा विचारा, कारण कल्हई केलेलं तांबंही तसंच दिसतं.

जोडताना रिसीव्हर बंद, प्लग काढलेला. लाल ते लाल, काळा ते काळा, चारही-पाचही स्पीकरना सारखं. एकाचं उलट झालं तर आवाज येतोच, पण खर्ज पातळ होतो आणि दिशा हरवते, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. बहुतारी वायरचा एक केस जरी शेजारच्या टोकाला शिवला तरी रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो. केळ्याच्या आकाराचे बनाना प्लग मिळतात, त्यांनी ही भीती बरीच कमी होते.

मग ऑटो सेटअप. डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, नावं वेगळी, काम तेच: माइक ठेवायचा, रिसीव्हर टूं-टूं करतो आणि प्रत्येक स्पीकरचं अंतर, पातळी मोजतो. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. पंखा, एसी बंद. कुकर लावलेला नसावा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. शिट्टी झाली की मोजणी पुन्हा.

अंतर का मोजतो? आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. समोरचा स्पीकर दहा फुटांवर, मागचा चार फुटांवर, तर मागचा आवाज पाच-सहा मिलिसेकंद आधी पोचेल. आणि आपल्या कानाला जो आवाज आधी येतो, तिकडेच तो आहे असं वाटतं. म्हणून रिसीव्हर मागच्यांना तेवढा वेळ थोपवतो. पातळीचंही तसंच. तुमचा डावा स्पीकर बाल्कनीच्या बाजूला तीन फुटांवर आणि उजवा डायनिंगच्या बाजूला सहा फुटांवर असेल, तर मोकळ्या जागेत ६ डेसिबलचा फरक पडतो. खोलीत थोडा कमी. रिसीव्हर तो भरून काढतो. म्हणजे हॉल दोन्ही बाजूंनी सारखा नाही म्हणून हताश व्हायचं कारण नाही. मोजून झाल्यावर एक गोष्ट हाताने तपासा: लहान स्पीकरना तो कधीकधी 'लार्ज' ठरवतो. ते 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, अगदी छोटे असतील तर १००-१२०. खालचं काम सबवूफरला करू दे.

आणि तरीही मागून आवाज नाही? मग आमच्या धंद्यातली पद्धत: प्रश्नाचे दोन तुकडे करा. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा. टोन मागून येत नसेल तर दोष वायर, टर्मिनल किंवा अँप असाइनमध्ये. टोन येतोय पण सिनेमा नाही, तर वायरला हात लावू नका, दोष वरच्या बाजूला आहे. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल तर अनेक टीव्ही रिसीव्हरला फक्त दोनच चॅनल पाठवतात. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' करा. वायर एचडीएमआयची, 'एआरसी' लिहिलेल्या खोबणीत. सेट टॉप बॉक्सची ऑडिओ सेटिंग वेगळी असते, तीही बघा. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर कोणता सिग्नल येतोय ते लिहिलेलं असतं, तिथे 'डॉल्बी' ऐवजी 'पीसीएम स्टिरिओ' दिसलं की चोर सापडला.

कधीकधी मात्र मागून आवाज न येणंच बरोबर असतं. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, मोनो. डॉल्बी सराउंड मोड लावून तो बघितलात तर दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरला जातो. मागचे गप्प बसतात, आणि बसू देत. 'ऑल चॅनल स्टिरिओ' लावून अभंग पाठीमागून ऐकण्याचा हट्ट करू नका. तो मोड घरातल्या समारंभासाठी ठेवा. नव्या सिनेमातसुद्धा मागे सतत काही वाजत नसतं: पाऊस, गर्दी, एखादी गाडी. 'मला मागचे ऐकूच येत नाहीत' म्हणून लोक त्यांची पातळी ५-६ डेसिबल चढवतात आणि मग आई म्हणते, संवाद कळत नाहीत. संवाद मधल्या स्पीकरमध्ये असतात. तो २ डेसिबल वाढवा, मागचे मोजणीत आले तिथेच ठेवा. रात्री दहानंतर 'नाइट मोड' लावा. मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात, आणि काँक्रीटची भिंत खर्ज शेजारी पोचवते हे विसरू नका.

वाकडचा निकाल काय, तर शनिवारपर्यंत चार वायरी पडल्या: दोन सोफ्याच्या भिंतीवर चार-चार फुटांवर, दोन छतात. रिसीव्हर अजून घेतलेला नाही. तुमच्या हॉलचा नकाशा असाच विचित्र असेल तर मापं फुटांत लिहून आणि फोटो काढून पाठवा. पुढच्या वेळी सबवूफर कुठल्या कोपऱ्यात, यावर बोलू.