बर्गरच्या पाटीवरचा दगडी शब्द

दोस्तांनो, आधी एक कोडं.

मॅकडोनाल्ड्सची पाटी तुम्ही पाहिलीच असेल. तिथला बर्गर कसा लागतो ते नंतर सांगा. आधी मला एवढंच सांगा, की त्या नावातला ‘मॅक’ म्हणजे काय? क्रिकेट बघणाऱ्यांनी तर हा मॅक कितीदा ऐकला असेल. ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकग्रा, न्यूझीलंडचा ब्रेंडन मॅकलम. एवढ्या लोकांच्या आडनावात हा मॅक शिरला कुठून?

सांगते. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. अमेरिकेत १९४० साली ज्या दोन भावांनी हे दुकान थाटलं, त्यांचे आईवडील आयर्लंडहून आले होते आणि हा शब्दही तिकडचाच. आता खरी गंमत ऐका. हाच शब्द कुणीतरी दीड हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलाय. तोही अशा अक्षरांत, की बघणाऱ्याला वाटावं, कुणी बसल्या बसल्या नुसत्या रेघोट्या मारल्यात!

चला, तो दगड बघायला जाऊ.

गोल भिंतीच्या आत नऊ गोटे

युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचं हिरवंगार बेट आहे. त्याच्याही नैर्ऋत्य कोपऱ्यात केरी नावाचा परगणा. तिथे डिंगल गावाजवळ बॅलिनटॅगर्ट नावाची जागा आहे. गोल बांध, आत गवत, आणि गवतात पसरलेले नऊ दगड. ही जुनी दफनभूमी. दगड म्हणजे काही घडवलेले चौकोनी खांब नव्हेत. पाण्याने घासून घासून गुळगुळीत केलेले मोठाले लांबट गोटे आहेत ते.

जवळ जाऊन वाकून बघितलं की गोट्यांवर बारीक रेघा दिसतात. इथे तीन, तिथे पाच, मग चार, मध्येच काही टिंबांसारख्या खाचा. दूधवाल्याने भिंतीवर लिटरचा हिशोब ठेवावा तसं. पण हा हिशोब नाही. ही अक्षरं आहेत. या लिपीचं नाव ओघम. आजचे आयरिश लोक तिला ‘ओअम’ म्हणतात.

ओघम लिहिणारे लोक केल्टिक भाषा बोलायचे. एके काळी युरोपच्या मोठ्या भागात केल्टिक भाषा बोलल्या जायच्या. आज त्यांतल्या आयरिश, वेल्श अशा थोड्याच उरल्यात. आयरिश भाषेचं सगळ्यात जुनं लिखाण कुठल्या पुस्तकात नाही, ते या दगडांवर आहे. चौथ्या ते सातव्या शतकातलं. म्हणजे आपल्याकडे अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकार भिंती रंगवत होते, साधारण त्याच काळात तिकडे कुणीतरी छिन्नी-हातोडी घेऊन रेघा कोरत बसलं होतं. असे सुमारे ४०० दगड आजवर माहीत झालेत. बरेचसे आयर्लंडच्या दक्षिणेत आहेत, काही समुद्रापलीकडे वेल्समध्ये.

पाच मिनिटांत शिका ओघम

आपण मराठीत अक्षरांवर शिरोरेघ देतो. ओघमलाही एक रेघ लागते, पण ती उभी, आणि बहुतेक वेळा ती काढावीच लागत नाही. दगडाची कड हीच ती रेघ! त्या कडेच्या उजवीकडे, डावीकडे, आरपार किंवा थेट कडेवर खुणा करायच्या. (बॅलिनटॅगर्टच्या गोट्यांना कडच नाही. तिथे कोरणाऱ्याने ती मनातल्या मनात धरली.) मूळ अक्षरं फक्त २०, पाचपाचांचे चार गट. हा घ्या तक्ता:

उजवीकडे रेघा: एक म्हणजे ब, दोन ल, तीन व, चार स, पाच न.
डावीकडे रेघा: एक ह, दोन द, तीन त, चार क, पाच क्व.
कडेच्या आरपार तिरप्या रेघा: एक म, दोन ग, पाच र. (तीन आणि चार रेघांची अक्षरं क्वचितच लागायची.)
कडेवर छोट्या खाचा: एक अ, दोन ओ, तीन उ, चार ए, पाच इ.

झाली की लिपी शिकून! सगळं सरळ रेघांतच, कारण दगडावर किंवा लाकडावर गोलाई कोरणं म्हणजे घाम काढणारं काम. आणि हो, वाचायचं खालून वर. झाडावर चढावं तसं.

झाडावरून आठवलं, यातल्या बऱ्याच अक्षरांना झाडांची नावं आहेत. ‘ब’चं नाव ‘बेह’, म्हणजे भूर्जवृक्ष. त्याचेच भाऊबंद हिमालयात वाढतात आणि त्यांच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहीत, ती भूर्जपत्रं. ‘द’चं नाव ‘दर’, म्हणजे ओक. हा ‘दर’ आणि आपल्या ‘देवदार’मधला ‘दार’ हे दोन्ही शब्द एकाच जुन्या शब्दापासून आलेत. आहे की नाही मजा?

आता एक शब्द वाचा. एक तिरपी रेघ. एक खाच. डावीकडे पाच रेघा. पाच खाचा. तक्त्यात बघा. म, अ, क्व, इ. ‘मक्वि’! म्हणजे ‘मुलाचा’. शेकडो वर्षं बोलता बोलता याचाच झिजून झिजून झाला ‘मॅक’. सापडला बर्गरच्या पाटीवरचा शब्द!

गणिताचे सर आणि पांढऱ्या कपड्यांतली बाई

पण थांबा. एक रेघ म्हणजे ब आणि दोन म्हणजे ल, हे आपल्याला सांगितलं कुणी?

एक किल्ली होती. साधारण १३९० च्या सुमाराला आयर्लंडमध्ये ‘बॅलिमोटचं पुस्तक’ नावाची जाडजूड हस्तलिखित पोथी तयार झाली. तिच्यात ओघमचा तक्ताच काढून ठेवलाय. तरी मनात शंका येतेच. पोथी लिहिली गेली तेव्हा दगड कोरून आठ-नऊशे वर्षं उलटली होती. पोथीतला तक्ता चुकीचा असला तर?

१८४० च्या दशकात डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात चार्ल्स ग्रेव्हज नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी गणितवाल्याला शोभेल असंच केलं. त्यांनी मोजायला सुरुवात केली. कोणती खूण किती वेळा येते? कोणत्या खुणेनंतर कोणती येते? मोजता मोजता दिसलं, की खुणांचा एक ठरावीक गट दगडामागून दगडावर पुन्हापुन्हा येतोय. जो शब्द बहुतेक प्रत्येक दगडावर येतो, तो कुणा एकाचं नाव कसा असेल? तो ‘चा मुलगा’ असाच काहीतरी असणार!

याला साक्षीदार मिळाला वेल्समध्ये. सेंट डॉगमेल्स नावाच्या गावात एका ओढ्यावर एक लांबलचक दगड आडवा टाकलेला होता, लोकांना पलीकडे जायला पूल म्हणून. रात्री मात्र त्यावर कुणी पाय ठेवायचं नाही. का? तर म्हणे, मध्यरात्री पांढऱ्या कपड्यांतली एक बाई त्यावरून तरंगत जाते! बाई काही कुणाला सापडली नाही, पण दगडावरच्या ओळी सापडल्या. दगडाच्या तोंडावर लॅटिन अक्षरांत: ‘साग्रानी फिली कुनोतामी’. कडेवर ओघममध्ये: ‘साग्राग्नी मक्वि कुनातामी’. लॅटिन तर अभ्यासकांना येतच होतं. ‘फिली’ म्हणजे मुलाचा. मग ‘मक्वि’ म्हणजेही तेच! नावंही दोन्हीकडे जवळजवळ तीच. पोथीतला तक्ता बरोबर निघाला.

तुमच्या वहीवरचं नाव

मग या दगडांवर मोठमोठ्या कहाण्या आहेत का? राजांच्या लढाया, खजिन्याचे पत्ते? छे! आहेत ती फक्त नावं.

पण नाव कसं लिहिलंय ते बघा. आधी माणसाचं स्वतःचं, मग ‘मक्वि’ आणि वडिलांचं, मग ‘मुकोइ’ आणि कुळाचं. आता आपली वही काढा. पहिलं आपलं नाव, मधे बाबांचं, शेवटी आडनाव. सापडलं साम्य? दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या आयरिश माणसाला आपल्या परीक्षेचा फॉर्म दिला असता, तर कोणत्या रकान्यात काय भरायचं हे त्याला विचारावंच लागलं नसतं.

बॅलिनटॅगर्टच्या एका गोट्यावर असं आहे: ‘मक्वि-इआरी कोइ मक्वि मुकोइ डोव्हिनिआस’. म्हणजे ‘मक्वि-इआरीचा, इथे, डोव्हिनियाच्या कुळातल्या मुलाचा’. काय त्याचा? दगड! ते लिहायची गरजच नाही. तुम्ही तरी वहीवर ‘वही’ असं कुठे लिहिता? यातला ‘कोइ’ म्हणजे ‘इथे’. आणि डोव्हिनिया ही त्या कुळाची मूळ आई, बहुधा त्यांची देवीच. तिचं नाव अजून पुसलेलं नाही. त्या सगळ्या द्वीपकल्पाला आयरिश भाषेत आजही ‘कॉर्का ग्वीना’ म्हणतात, म्हणजे डोव्हिनियाची माणसं.

हे दगड गेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभे केले, तसे काही जमिनीची हद्द सांगायलाही असावेत. आयर्लंडच्या जुन्या कायद्यांत म्हटलंय, की जमिनीवरून भांडण झालं तर ओघमचा दगड पुरावा धरावा. म्हणजे बघा, अमक्याच्या आजोबांचं नाव या दगडावर आहे, सबब शेत अमक्याचं. दगडी सातबाराच तो!

मुलींची नावं मात्र फार थोड्या दगडांवर आहेत. वेल्समधल्या एका दगडावर अव्हिटोरिया नावाची मुलगी भेटते. तिच्या नावासोबत ‘इनिगेना’ असा शब्द आहे, म्हणजे मुलगी. यातला ‘गेन’ आणि आपल्या ‘जन्म’मधला ‘जन्’ नात्याने एकच. मघाचा कुनातामी आठवतोय? त्यातला ‘कुना’ म्हणजे शिकारी कुत्रा. शूर माणसाचं नाव असं ठेवण्यात त्यांना मोठेपणा वाटे. या ‘कुना’चा आपल्याकडचा भाऊ म्हणजे ‘श्वान’. केल्टिक भाषा आणि संस्कृत यांची पणजी एकच, म्हणून ही भावंडं इतक्या लांब असूनही ओळखू येतात.

पूजा, तू रागावू नकोस!

तक्ता नीट बघितलेल्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. यात ‘प’ कुठेय?

नाहीच! त्या काळच्या आयरिश भाषेत ‘प’ हा आवाजच नव्हता. लॅटिनमधून ‘प’वाला शब्द आला की ते सरळ त्याचा ‘क’ करून टाकत. लॅटिनमध्ये जांभळ्या रंगाला ‘पुर्पुरा’ म्हणत. आयरिश माणसाने त्याचा केला ‘कोरकुर’. तेव्हा आपली पूजा तिकडे गेली असती तर झाली असती कूजा, आणि पार्थ झाला असता कार्थ!

शेजारच्या वेल्समध्ये मात्र उलटं. तिथे जुना ‘क्व’ जाऊन ‘प’ आला. आयरिश ‘मक्वि’चा ‘मॅक’ झाला, तर वेल्समध्ये त्याच शब्दाचा झाला ‘मॅप’, पुढे नुसता ‘अप’. ‘अप हॉवेल’, म्हणजे हॉवेलचा मुलगा, असं भरभर म्हणून बघा. झालं ‘पॉवेल’! वेल्समधला एक दगड तर ही सगळी गोष्ट एकटाच सांगतो. त्यावर एकाच माणसाचं नाव दोनदा आहे. लॅटिन अक्षरांत ‘व्होटेपोरिगिस’ आणि ओघममध्ये ‘व्होटेकोरिगास’. एकीकडे ‘प’, दुसरीकडे ‘क’. शेवटचा ‘रिग’ म्हणजे राजा, आणि ‘राजा’ हा आपला शब्दही त्याचाच नातेवाईक.

छप्पर झालेले दगड

अक्षरं विसरली गेली, तसे लोकांना हे दगड म्हणजे नुसते चांगले लांब दगड वाटू लागले. कुणी त्यांचा पूल केला, ते आपण पाहिलंच. वॉटरफर्ड परगण्यात ड्रमलोहन इथे तर जमिनीखालचं एक भुयार सापडलं. त्याच्या भिंतींना आणि छपराला चक्क दहा ओघम दगड लावलेले! खरं तर भुयार बांधणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. आत राहिल्याने ऊनपावसापासून ते दगड वाचले.

नाहीतर पावसाने झिजलेल्या रेघा वाचणं कठीण. म्हणून आता डब्लिनच्या संशोधन संस्थेतले अभ्यासक दगडांचं त्रिमितीय स्कॅनिंग करतात. मग संगणकावर हवा तसा बाजूने उजेड पाडायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचेतही सावली पडते आणि अक्षर वर येतं.

आणि नवे दगड अजूनही सापडतात. २०२० साली इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहरात एक शिक्षक आपल्या बागेतलं तण उपटत होते. हाताला वीतभरही नसलेला एक दगड लागला. धुऊन बघतात तर त्यावर रेघा! ओघमच्याच!

आता तुमची पाळी. हे माझ्या एका मैत्रिणीचं नाव: उजवीकडे चार रेघा, मग एक खाच, मग थोडी जागा सोडून पाच खाचा. वाचा बरं! जमलं, की आपलं नाव लिहा. पट्टीची कड घ्या, पेन्सिल घ्या आणि खालून वर चढा. ‘प’वाल्यांनी ‘क’वर भागवा.

फक्त एक करा. गडावर सहलीला गेलात, तर तिथल्या दगडावर नाव कोरू नका. दगडावरचं नाव दीड हजार वर्षं टिकतं, हे आता तुम्हाला माहीत आहे.